तोंडानं नाव सांगा

सरकारी कागद घरात आला की तो सासूबाईंच्या खाटेशेजारी बसून मोठ्यानं वाचायचा, असा त्या घरातला रिवाज होता. आजारपणानंतर तर जास्तच. आपल्या पाठीमागे काही शिजतंय असा नुसता वास आला तरी सासूबाई चांगल्या हातानं खाटेच्या दांड्यावर चमचा आपटत. त्या दिवशीचा कागद मात्र नवऱ्यानं दारातच वाचला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात सरकवला. सूनबाई नुकतीच कामावरून आली होती. तिनं अजून बूटही काढले नव्हते.

"आण इकडे," ती म्हणाली.

"काही नाही गं, नेहमीचंच."

"नेहमीचं असतं तर मोठ्यानं वाचलं असतंस. आण."

कागदात आडपडदा काही नव्हता. प्रत्येक नागरिकावर मतदान सक्तीचं आहे. सासूबाईंनी या वेळी मत दिलेलं नाही. म्हणून पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांच्या सरकारी सवलती बंद. सवलती म्हणजे काय, तर वाचा-उपचार केंद्राचं कार्ड. मतदार बुद्धीनं असमर्थ असल्यास घरच्यांनी तसा अर्ज करावा, मग कार्ड चालू राहील आणि नाव मतदार यादीतून कायमचं कमी होईल. सुनावणीला मतदारासह हजर राहावं.

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मत दिलं नाही म्हणे. अहो, द्यायला गेल्या होत्या त्या. चाकाच्या खुर्चीतून, इस्त्रीचे कपडे घालून, रांगेत उभ्या जगाला मान हलवत गेल्या होत्या. तुमच्याच माणसानं त्यांना परत पाठवलं. आधी आमंत्रण द्यायचं, दारातून हाकलायचं आणि वर विचारायचं, का नाही आलात? रस्त्यावरच्या गुंडानं असं केलं तर त्याला चार लोक धरून चोपतील. सरकारनं केलं की त्याला नोटीस म्हणायचं.

"अर्ज करून टाकू," नवरा हळूच म्हणाला. "एक सही. उपचार चालू राहतील."

"आणि आईंना अक्कल नाही असं लिहून द्यायचं?"

"असमर्थ म्हटलंय. अक्कल नाही असं कुठे म्हटलंय?"

"उद्या तुला कोणी बुद्धीनं असमर्थ म्हणालं, तर त्याचे आभार मानशील का?"

नवरा वाईट नव्हता, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. दिवसभर कॅन्टीनच्या भट्टीपुढे उभा राहून आल्यावर आईला उचलून न्हाणीत नेणारा, तिचे केस विंचरणारा तोच होता. त्याला भीती एकाच गोष्टीची होती. केंद्रातल्या शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, आत्ता खंड पडला तर जेवढं आलंय तेवढंही जाईल. आणि आलं होतं तरी किती? एक शब्द.

अर्धांगाच्या झटक्यात सासूबाईंचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डोकं जागच्या जागी होतं. कुणी त्यांच्या चहात साखर कमी टाकून पाहावी, मग कळेल डोकं कुठे आहे ते. पण जिभेवर शब्द चढेना. महिनोन्‌महिने घोकून एकच परत आला, "बरं." चहा हवा असला तरी बरं आणि नको असला तरी बरं. लेकावर चिडल्या की जरा लांबवून, "बरंऽ". उरलेलं सगळं बोलणं डाव्या हातानं, यार्डातल्या खुणांनी.

यार्ड म्हणजे मालधक्क्यामागचं, जिथं सासूबाईंनी उभा जन्म काढला. क्रेनखाली उभं राहून हाताच्या खुणांनी वरच्याला माल उचलायला, वळवायला, टेकवायला लावायचं हे त्यांचं काम. गळ्यात शिट्टी असायची म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. सूनबाई त्याच यार्डात क्रेन चालवायची, अजून चालवते. वर केबिनमध्ये बसलेल्याला मालाच्या पेटीच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. खालच्या हातावर विसंबायचं, दुसरा इलाज नाही. आणि तिथली एक शिस्त होती. खूण दिसली की वरच्यानं ती कानावरच्या यंत्रातून मोठ्यानं म्हणून दाखवायची. उचल. डावीकडे. थांब. म्हणजे खालच्याला कळतं की खूण बरोबर पोचली. न बोलता दांडा हलवणाऱ्याला शिट्टीबाई त्याच दिवशी केबिनमधून खाली उतरवत, मग तो साहेबाचा भाचा का असेना. सूनबाईचा आवाज त्यांनी आधी ऐकला तो असा, कानात. तोंड नंतर पाहिलं, आणि आवडलं म्हणून घरी आणलं.

दोघींचं जमायचं चांगलं, पण मतदानावरून घरात रण पेटायचं. सक्तीचा कायदा आला तेव्हा सासूबाईंना कोण आनंद. घरात लोळत पडायचं आणि मग पाच वर्षं सरकारच्या नावानं खडे फोडायचे, या लोकांना कान धरूनच आणलं पाहिजे, असं त्या यार्डभर सांगत फिरल्या. सूनबाईचं म्हणणं उलटं. मत माझं आहे ना? मग ते द्यायचं की नाही हेही माझंच. बळजबरीनं मागितलं तर ते मत राहतं का? म्हणून कायदा झाल्यापासून ती दर वेळी जायची, कोऱ्या कागदाची घडी घालून पेटीत टाकायची आणि घरी येऊन सांगायची. सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणायच्या, "तुझ्या जागी मला दोन मतं देऊ देत नाहीत, नाहीतर तुझी कटकटच नको होती."

या वेळी सासूबाईंना घेऊन जाताना मात्र सूनबाईच्या डोक्यात कायदाबियदा काही नव्हतं. आईंना जायचंय, तर न्यायचं.

मतदान एका शाळेच्या वर्गात होतं. बुटक्या बाकांमागे अधिकारी गुडघे मुडपून बसले होते. त्यातल्या चष्मेवाल्यानं सासूबाईंचं ओळखपत्र पाहिलं, चेहरा पाहिला आणि म्हणाला, "नाव सांगा."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

"नाव. तोंडानं सांगा."

सासूबाईंनी डाव्या हाताचं बोट ओळखपत्रावरच्या नावाखाली ठेवलं आणि ठोकलं. खूण स्पष्ट होती. आणि सूनबाईनं, इतक्या वर्षांची सवय ती, खूण दिसताक्षणी मोठ्यानं म्हणून दाखवली. सासूबाईंचं नाव, आडनावासकट.

चष्मेवाल्यानं पेन खाली ठेवलं. "मतदाराऐवजी दुसऱ्यानं नाव सांगितलं. आता मला हे मत घेता येत नाही."

सूनबाईला आधी थट्टाच वाटली. पण तो थट्टा करणाऱ्यातला नव्हता. नियमामागचं कारण असं की सक्ती आल्यापासून लोक घरातल्या म्हाताऱ्यांना पोत्यासारखे उचलून आणायचे आणि त्यांच्या नावानं आपल्याला हवा तिथं शिक्का मारायचे. म्हणून मतदारानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं. जन्मापासून मुका असेल तर त्याचा वेगळा रकाना आहे. मधेच वाचा गेलेल्यांना रकाना नाही. "तुम्ही गप्प राहिला असतात तर मी वरिष्ठांना विचारलं तरी असतं," तो म्हणाला, आणि ते सूनबाईच्या जिव्हारी लागलं. परत येताना सासूबाईंनी एकदाही मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाही. रागावल्या होत्या की सुनेला आपले डोळे दिसू द्यायचे नव्हते, कोण जाणे. सूनबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि आता हा कागद. नवऱ्याच्या हातातून तो घेऊन तिनं खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. "बुद्धीनं असमर्थ" हेही वाचलं. सासूबाई छताकडे बघत राहिल्या. मग चमचा उचलून त्यांनी दांड्यावर एकदाच आपटला.

"तिला काय हवंय?" नवऱ्यानं विचारलं.

"मी सांगणार नाही," सूनबाई म्हणाली. "मी त्यांच्या वतीनं तोंड उघडलं की काय होतं ते पाहिलंस ना. तिथं जाऊ, तिथं त्याच सांगतील."

सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. बुद्धीनं आणि शरीरानं असमर्थ असलेल्यांना बोलवायचं आणि तिसऱ्या मजल्यावर बसायचं, ही अक्कल ज्याची कुणाची असेल त्याच्या समर्थतेची सुनावणी कोण घेतं कोण जाणे. नवऱ्यानं आईला पाठीवर घेतलं, सूनबाईनं खुर्ची उचलली. वर पोचेपर्यंत दोघांची दमछाक झाली. सासूबाई तेवढ्या ताज्यातवान्या.

टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या, शेजारी टंकलेखक. बाई उर्मट नव्हत्या, हीच तर पंचाईत. चांगल्या गोड बोलत होत्या. आधी त्यांनी पडद्यावर सगळ्या घराची नोंद काढली.

"तुमची नोंद फार छान आहे हं," त्या सूनबाईला म्हणाल्या. "एकही मतदान चुकलेलं नाही. आदर्श मतदार."

"मी दर वेळी कोरा कागद टाकते," सूनबाई म्हणाली.

नवऱ्यानं तिचं मनगट धरलं. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जरा आवळलं. "ते तुम्ही इथं सांगायला नको होतं. आणि त्यानं काही फरक पडत नाही. हजेरी महत्त्वाची."

"म्हणजे कोरा कागद टाकणारी मी आदर्श. आणि ज्यांना खरंच मत द्यायचं होतं त्या असमर्थ."

"हे बघा, इथून पुढे नातेवाइकांनी मधे बोलायचं नाही. बोललात तर हस्तक्षेप धरून मला एकतर्फी निकाल द्यावा लागेल. आजींसाठी म्हणून सांगते." मग त्या सासूबाईंकडे वळल्या आणि आवाज उगाचच चढवला, जणू कानच गेले होते. "आजी, काळजी करायची नाही. एक छोटासा अर्ज आहे. मग तुम्हाला मतदानाचा त्रासच नको. कार्ड चालू राहील. मान्य आहे ना?"

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

त्यात राग होता, नुसता धगधगता राग. घरातल्या कुणाच्याही अंगावर त्यानं काटा आला असता. पण कागदावर राग कसा टंकायचा? बाई टंकलेखकाकडे वळल्या. "घ्या. मान्य."

एका बाईकडे सगळ्या भाषेतला एकच शब्द उरलाय, तोही होकाराचा, आणि हे लोक तो तिच्या तोंडातून काढून घेऊन तिच्याच गळ्याला लावतायत. हवं तेव्हा तिचं तोंड चालत नाही, आणि यांना हवं तेव्हा बरोबर चालतं. सूनबाईनं ओठ दाताखाली दाबले. बोलायचं नाही. बोललीस तर संपलं. नवऱ्याची बोटं मनगटात रुतत होती.

तेवढ्यात सासूबाईंचा डावा हात वर गेला. सरळ, ताठ, तळवा पुढे. टंकलेखकाची मान खाली होती, बाई पडद्याकडे बघत होत्या. तो हात त्या खोलीत एकीलाच दिसला.

"थांब," सूनबाई म्हणाली.

आवाज केबिनमधला होता, भिंतीवरून परत येणारा. टंकलेखकाची बोटं हवेतच राहिली.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" बाई म्हणाल्या. आता गोडवा नव्हता.

"मी नाही बोलले. त्या बोलल्या. मी फक्त म्हणून दाखवलं." सूनबाईचं तोंड आता सुटलंच होतं. "आमच्या यार्डात तो हात वर गेला की अख्खा धक्का उभा राहतो. डोक्यावर टनाचा माल असला तरी. तुम्ही वर बघतच नाही, त्याला त्या काय करणार? एकतर्फी निकाल द्यायचा तर द्या. पण त्यांनी मान्य केलं असं लिहू नका. हवं ते लिहा, खोटं लिहू नका."

बाईंनी खुर्ची मागे ढकलली, अर्ज उचलला, टेबलाला वळसा घालून आल्या आणि तो सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. वर पेन. "ठीक आहे. त्यांनाच करू दे. खाली दोन चौकोन आहेत, सहमत आणि असहमत. कुणी हात लावायचा नाही."

सासूबाईंनी पेनाकडे बघितलंही नाही. आधी त्यांनी अर्ज वाचला. डाव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवून, एक एक शब्द, शेवटच्या बारीक टिपेपर्यंत. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, परत बोटाकडे पाहिलं. ते बोट "कार्ड" या शब्दापाशी थांबलं. तिथं ते फार वेळ थांबलं. नवऱ्याचा श्वास सूनबाईला ऐकू येत होता.

"आई," तो पुटपुटला, "कार्ड जाईल गं. तुझं बोलणं जाईल."

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि दुसऱ्या चौकोनात फुली मारली. डाव्या हाताची, वेडीवाकडी, पण एकही रेघ चौकोनाबाहेर न जाऊ देता. असहमत. त्या दिवशी वर्गात जे करू दिलं नव्हतं, ते त्यांनी इथं केलं.

बाईंनी अर्ज हातात घेतला. त्यांना कळलं होतं, हे सूनबाई आजही पैजेवर सांगेल. जी बाई सगळं वाचून, तोलून, स्वतःचं नुकसान पत्करून नाही म्हणते, तिच्या बुद्धीबद्दल बोलायला आता जागा कुठे होती?

"म्हणजे बुद्धी शाबूत आहे," बाई शेवटी म्हणाल्या.

"हो," सूनबाई म्हणाली.

"मग मत न देण्याला सबळ कारण राहत नाही. सवलती बंद. कार्ड द्या."

सूनबाई हसली. खरं तर तिला टेबल उलटं करायचं होतं. "बघा हं मॅडम, मी नीट म्हणून दाखवते. बोलता येत नाही म्हणून मत घेतलं नाही. मत दिलं नाही म्हणून बोलायला शिकवणार नाही. बोलायला शिकल्या नाहीत की पुढच्या वेळीही मत घेणार नाही. आणि मग पुन्हा हीच नोटीस. तुम्हाला हे दिसत नाही असं मला सांगू नका."

"नियम मी केलेले नाहीत."

"नाही. तुम्ही फक्त कार्ड घेताय."

बाईंनी कार्ड घेतलं. ड्रॉवर बंद झाला.

खाली उतरून तिघं बसथांब्यावर आले. नवरा बाकावर बसला आणि त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. त्याचं चुकलं असं सूनबाईला वाटलं नाही. त्याला आईचा आवाज हवा होता, बस. सासूबाई मात्र खुर्चीत ताठ, एखादं भांडण जिंकून आल्यासारख्या. ते पाहून सूनबाईचं टाळकंच सरकलं.

"बघितलात तुमचा लाडका कायदा?" ती म्हणाली. "कान धरून आणायला निघाला होतात सगळ्यांना. उद्या परत विचारलं, सक्ती ठेवायची की काढायची, तर काय सांगाल?"

सासूबाईंनी जराही विचार केला नाही. डावा हात वर करून तर्जनी हवेत गोल फिरवली. उचल. म्हणजे काम चालू राहू दे, ठेवायची.

"एवढं होऊनसुद्धा?"

सासूबाईंनी समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि परत तिकडे. मला बोलवायची यांच्यावरही सक्ती हवी, यांनी माझं मत घ्यायलाही हवं. सूनबाईला हे कळलं, आणि पटलं नाही. पटणारही नव्हतं. पण या बाईनं आपला आवाज देऊन आपलं नाव त्या यादीत ठेवलं होतं, आणि आपण दर वेळी कोरा कागद टाकून मोठा पराक्रम केल्यासारखं घरी येत होतो, हे तिला त्या बसथांब्यावर, भर रस्त्यात, अगदी लख्ख दिसलं. ते तिला मुळीच आवडलं नाही.

ती खुर्चीसमोर उकिडवी बसली. सासूबाईंची हनुवटी तिनं हातात धरली.

"आता ऐका. केंद्र गेलं, ते गेलं. पुढच्या मतदानाला मी तुम्हाला त्याच दारात उभं करणार, आणि तुम्ही तुमचं नाव तोंडानं सांगणार. आडनावासकट. तुमची इच्छा असो नसो. रोज, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. चला. पहिलं अक्षर."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

"बरं नाही. नाव."

सासूबाईंनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा तटतटल्या. घशातून काहीतरी वर आलं आणि जिभेपाशी येऊन अडकलं, अर्धा श्वास, अर्धी गुरगुर. लाळ ओघळली. नवरा रुमाल घेऊन उठला तसा सूनबाईनं त्याला हातानंच मागे सारलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पुरे म्हणत होत्या, हे कुणालाही कळलं असतं. सूनबाईनं दया केली नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.